चर्च दाखवलंत, चर्चा राहिली: आमच्या फिल्म सोसायटीच्या कार्यकारिणीला खुलं पत्र

कार्यकारिणीतल्या सगळ्या सरांना आणि मॅडमना,

स.न.वि.वि.

मागच्या रविवारी दादरच्या हॉलमध्ये तिसऱ्या रांगेत शाल गुंडाळून बसली होती, शेवटी बराच वेळ हात वर करून होती आणि जिला "ताई, वेळ संपलीय, हॉल रिकामा करायचाय" म्हणून खाली बसवलं, ती मी. जे बोलायचं राहिलं ते इथे लिहितेय. लांबलंय जरा, पण तुम्हीच म्हणालात ना की असले स्लो सिनेमे बघायला पेशन्स डेव्हलप करावा लागतो, मग करा.

आधी आमंत्रणाचं. 'विंटर लाइट' या स्वीडिश सिनेमाचा तुमचा मेसेज आला, "एका धर्मगुरूच्या श्रद्धेचा हृदयस्पर्शी प्रवास". पाठोपाठ तुमच्यातल्या एका सरांचा फोन, की तुम्ही यायलाच पाहिजे, तुमच्याच लोकांचा सिनेमा आहे, नंतर चर्चेत दोन शब्द बोला. मी वसईची, कॅथलिक. आडनाव सांगितलं की लोक विचारतात गोव्याच्या का, मी म्हणते नाही हो, पिढ्यानपिढ्या वसईतच, मग म्हणतात अय्या मराठी किती छान बोलता! याची आता सवय झालीय, रागही येत नाही. पण "तुमच्याच लोकांचा" म्हणजे कोणाचा, तर स्वीडनच्या लुथरन, म्हणजे प्रॉटेस्टंट लोकांचा. सिनेमातला तो माणूस विधुर आहे आणि गावातली शाळेची बाई त्याच्यावर जीव टाकून बसलीय. आमच्यात फादर लग्न करत नाहीत हे तरी तुम्हाला माहीत असेल ना? त्यांच्यात त्याला फादर म्हणतच नाहीत, आपल्या मराठीत प्रॉटेस्टंट लोक पाळक म्हणतात. पाचशे वर्षांपूर्वी या दोन घरांची वाटणी झाली आणि तीही भांडून. देशस्थाला कोकणस्थांच्या लग्नात नेऊन "तुमच्याच लोकांचं आहे, बोला दोन शब्द" म्हटलं तर तो काय बोलेल, तेवढंच मी बोलू शकत होते. तेवढंही बोलू दिलं नाहीत ती गोष्ट वेगळी.

तरी आले. सकाळी साडेसहाची मिस्सा, म्हणजे चर्चमधली आमची उपासना केली, तिथे बाकावर जागा नव्हती म्हणून मागे खांबाला टेकून उभी, मग घरचं आवरलं, मग गाडी. बाहेर मे महिना, दादरच्या पुलावर माणूस माणसाला चिकटत होता, आणि आत तुमचा एसी १८ वर आणि पडद्यावर बर्फ. शाल मी नेहमीच नेते, तुमचा हॉल मला माहितीये.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्वीडिश दिग्दर्शक इंगमार बर्गमनचा 'विंटर लाइट', १९६३ चा, ब्लॅक अँड व्हाइट, ८१ मिनिटं. एका रविवारची गोष्ट, दुपारी बाराच्या उपासनेपासून तीनच्या उपासनेपर्यंत. टोमास नावाचा पाळक, अंगात कणकण, नाक गळतंय, चर्चमध्ये मोजून थोडी माणसं. उपासना झाल्यावर योनास नावाचा मासेमार बायकोबरोबर येतो. बायको पोटुशी, आधीची तीन पोरं. योनासने कुठेतरी वाचलंय की चीनकडे लवकरच अणुबॉम्ब येणार, ते डोक्यातून जातच नाही, माणूस गप्प गप्प झालाय. म्हणून तिने त्याला आणलंय, पाळकसाहेब दोन शब्द सांगतील. आणि पाळकसाहेब काय करतात, तर त्या माणसासमोर स्वतःचंच गाऱ्हाणं ओततात, मलाच देव सापडत नाहीये, माझंच काही खरं नाही. तो बिचारा ऐकून घेतो, निघून जातो आणि नदीकाठी बंदुकीने स्वतःला संपवतो. मग पाळक त्या शाळेच्या बाईला टाकून बोलतो. मग दुसऱ्या गावच्या चर्चमध्ये जातो, तिथे उपासनेला कोणी आलेलंच नाही, फक्त तीच बाई, आणि हा उपासना सुरू करतो. संपला सिनेमा. लाइट लागले आणि सगळे खुर्चीत तसेच बसून, प्रत्येकाला वाटतंय की दुसऱ्याला कळलंय.

आता स्लोबद्दल, कारण तुमचा सगळा रोख तिकडेच होता. सिनेमा स्लो होता ही माझी तक्रारच नाही. विरार स्लोने चर्चगेटला जायला ८१ मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागतो आणि मी ३१ वर्षं फोर्टात नोकरी केलीय, स्लो म्हणजे काय ते मला कोणी सांगू नये. पण स्लो गाडीत माणसं चढतात हो. नायगावला एक चढते, भाईंदरला चार, मटार सोलले जातात, कुणाच्या सुनेचं निघतं, एका कोपऱ्यात रोझरी चाललीय दुसऱ्या कोपऱ्यात हनुमान चालिसा, आणि बोरिवली येईस्तोवर कुणीतरी रडून मोकळी झालेली असते आणि कुणीतरी तिच्या हातात चकली ठेवलेली असते. या सिनेमात गाडी स्लो आणि डबा रिकामा. एकच माणूस खिडकीला बसलाय, तोही नाक पुसत.

सगळंच वाईट होतं असं नाही, खोटं कशाला बोलू. सुरुवातीची ती उपासना, वेदीपाशी गुडघे टेकून ख्रिस्तप्रसाद घेणारी माणसं, कंटाळलेला ऑर्गनवाला, सगळं सावकाश दाखवलंय, आणि मी लगेच सावरून बसले, कारण हे चेहरे मी ओळखते. देवाकडे बघत असतात पण मनात घरी कुकर लावलाय की नाही. आणि तो उजेड. सावलीच नाही कुठे, नुसता राखाडी, जुलैत पाऊस लागलेला असताना आमच्या चर्चमध्ये सकाळी असतो तस्सा. चर्चा घेणाऱ्या सरांनी नंतर सांगितलं की बर्गमन आणि कॅमेरामन स्वेन निक्विस्ट हिवाळ्यात चर्चमध्ये तासन् तास बसून उजेड कसा बदलतो ते बघायचे. ते पटलं मला. मेहनत दिसते.

पण सरांनी अजून एक गोष्ट सांगितली आणि ती मला अख्ख्या सिनेमापेक्षा आवडली. बर्गमनचे वडील स्वतः पाळक. सिनेमाच्या तयारीसाठी बापलेक छोट्या छोट्या गावातली चर्च बघत फिरत होते. एका रविवारी एका चर्चमध्ये तिथला पाळक उशिरा आला आणि म्हणाला मी आजारी आहे, आज उपासना आटोपती घेऊ, ख्रिस्तप्रसाद होणार नाही. तर म्हातारे वडील उठले, आत गेले, थोड्या वेळाने झगा घालून बाहेर आले आणि वेदीपाशी उभं राहून पुढची उपासना त्यांनी केली. सिनेमाचा शेवट त्यावरून सुचला म्हणे.

मी गाडीत बसून हाच विचार करत होते, की एवढी छान गोष्ट हातात असताना यांनी त्यातला म्हातारा काढून टाकला! त्या म्हाताऱ्याने दुसऱ्या कुणाचं तरी ओझं उचललं होतं. आजारी माणसाचं काम तब्येत बरी असलेल्याने केलं, एवढं साधं. सिनेमात आजारी आणि उठणारा एकच. स्वतःच पडायचं, स्वतःच उठायचं, आणि बाकीच्यांनी बाकावर बसून ते बघायचं.

माझं सगळं म्हणणं इथेच आहे. धर्मगुरूला शंका येतात, तो मोडतो, त्याला प्रार्थना म्हणवत नाही, याचा मला धक्काबिक्का बसत नाही. तुम्हाला वाटलं असेल ही चर्चला जाणारी बाई, हिच्या भावना दुखावल्या. नाही दुखावल्या. मी असा एक फादर बघितलाय, नाव नाही सांगत.

२६ जुलै २००५ चा पाऊस तुम्हाला सांगायला नको, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला. आमच्याकडे वसईतही पाणी घरात. पप्पा आधीच अंथरुणाला खिळलेले, कॉट विटांवर चढवलेली, लाइट नाही, फोन नाही, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं की आता काही खरं नाही. भाऊ पाण्यातून चालत फादरना बोलवायला गेला. फादर आले, झगा कमरेला खोचलेला, पवित्र तेलाची डबी प्लॅस्टिकच्या पिशवीत. तेल लावलं, प्रार्थना सुरू केली आणि मधेच थांबले. आठवेना का म्हणवेना, देव जाणे. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघतोय. मग त्यांनी पुस्तक पिशवीत ठेवलं, कोपऱ्यातली बादली उचलली आणि भावाबरोबर पाणी उपसायला लागले. दीड तास. पाणी तसूभर कमी झालं नाही, बाहेरूनच येत होतं तर होणार कसं, पण उपसत राहिले. आईने बिनदुधाचा चहा केला तो उभ्या उभ्या प्यायले आणि गेले. पप्पा रात्री गेले. दोन वर्षांनी कळलं की फादरनी झगा उतरवला, धर्मगुरूपण सोडलं. गावात काय काय बोललं गेलं, ते जाऊ दे. आईसमोर कोणी विषय काढला की ती एवढंच म्हणायची, पाणी उपसलं त्याने.

त्या फादरवर सिनेमा काढा, तीन तासांचा काढा, कितीही स्लो काढा, मी एसी सहन करून बघेन.

आणि मासेमार काय मला ऐकीव नाहीत. पाचूबंदरला, अर्नाळ्याला आमचे नातेवाईक आहेत. आता कोळ्यांच्या डोक्यातून ते पालघरकडचं होऊ घातलेलं वाढवणचं बंदर जात नाही, मासे राहणार का, बोटी लावायच्या कुठे, पोरं काय करणार. योनासची भीतीही काही वेड्याची नव्हती बरं का, सिनेमा १९६३ चा आणि १९६४ च्या ऑक्टोबरात चीनने खरंच अणुस्फोट केला. म्हणजे त्या अख्ख्या गावात जगाकडे डोळे उघडून बघणारा तोच एक माणूस होता, आणि सिनेमा त्याला मारून टाकतो ते कशासाठी, तर पाळकाला अजून थोडं वाईट वाटावं म्हणून! नदीकाठी त्याचं प्रेत पडलेलं आणि पाण्याचा नुसता आवाज, हे सरांना फार ग्रेट वाटलं. सीन भारी आहे, मान्य. मला मात्र राहून राहून वाटत होतं की अरे याच्याबद्दल काहीतरी सांगा, हा हसायचा कसा, याची बोट कुठली.

आमच्याकडे फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. बायबल सुबोध मराठीत आणलं, 'सुवार्ता' मासिकाचे संपादक होते, आणि वसईची जमीन, पाणी, हिरवाई वाचवायची वेळ आली तेव्हा पांढऱ्या झग्यात रस्त्यावर उतरले. २०२० ला उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा फादर अध्यक्ष कसा म्हणून आरडाओरडा झालाच. २०२४ मध्ये गेले. त्यांच्या मनात कधी अंधार आला नसेल असं मी म्हणत नाही, कुणाच्या मनात येत नाही. पण माणसं घाबरून दारात आली तेव्हा या गृहस्थाने त्यांना आपलं रडगाणं ऐकवलं नाही, त्यांच्याबरोबर मोर्चात गेले. असलं काही बघत मोठं झाल्यावर तुमचा टोमास पचत नाही हो, काय करणार.

तुम्ही म्हणाल तो युरोप आहे, तिथली चर्च रिकामी आहेत, हा त्याच रिकामपणाचा सिनेमा आहे. असेल. मग ते सिनेमाआधी पाच मिनिटं सांगायचं ना! आम्हाला रिकामं चर्च कळतच नाही. बुधवारी माहीमच्या चर्चमध्ये नोव्हेनाला, म्हणजे तिथल्या खास प्रार्थनेला जाऊन बघा, ट्रॅफिक थांबतो, आणि रांगेतले कितीतरी लोक तर ख्रिस्तीही नसतात. आमच्या फादरांचे प्रॉब्लेम वेगळे आहेत, गर्दीचे आहेत. पार्किंगवरून भांडणं, गायकगटातले रुसवेफुगवे, एका रविवारात चार मिस्सा आणि दोन बारशी. त्या गर्दीत एकटा पडलेला माणूस मला जास्त कळला असता.

आता बायकांचं, कारण माझा खरा प्रश्न तो होता.

मार्टा, ती शाळेची बाई. तिचं पत्र आहे सिनेमात, इन्ग्रिड टुलिन सरळ कॅमेऱ्यात बघून कितीतरी मिनिटं बोलते, मधे एक छोटी जुनी आठवण सोडली तर नुसता तिचा चेहरा. तिथे माझ्या शेजारची झोपलेली बाई जागी झाली, खोटं नाही सांगत. तिच्या अंगावर इसब उठलेला, त्याची पाळकसाहेबांना किळस, हे सगळं ती सांगते, आणि तरी प्रेम करते. मग शाळेच्या वर्गात हा माणूस तिला तिच्या तोंडावर सांगतो की मला तुझी काळजी नको, तुझा इसब नको, तुझं काहीच नको. आणि त्यानंतर आपण वाईट कुणासाठी वाटून घ्यायचं, तर त्याच्यासाठी! तो खोकतोय म्हणून!

आपल्या मराठीत एका धडपडणाऱ्या धर्मगुरूची गोष्ट शंभरेक वर्षांपूर्वीची आहे. रेव्हरंड ना. वा. टिळक, १८९५ ला ख्रिस्ती झाले, बायको लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या, मग आल्या, पुढे त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. घरात पैशांची कायम ओढाताण, कारण हे महाशय कुणालाही काहीही देऊन मोकळे, डोक्यात एक आलं की आलं, त्यात बालकवींसारखी मंडळी घरी राहायला. दुःख कमी होतं का? जात सुटली, माणसं तुटली. पण 'स्मृतिचित्रे' वाचताना हसून हसून डोळ्यात पाणी येतं, आणि मग पुढच्याच पानावर खरंखुरं पाणी येतं. कारण ते सांगतेय कोण, तर बायको. तिला स्वयंपाकही करायचाय, नवऱ्याच्या देवाशीही जमवून घ्यायचंय. तिला त्याचा मोठेपणाही दिसतो आणि वेंधळेपणाही. टोमासची गोष्ट मार्टाने सांगितली असती तर मी तुम्हाला हे पत्र लिहिलंच नसतं.

अल्गोट राहिला की. चर्चमधला तो अपंग सेवक, शेवटी म्हणतो की येशूच्या अंगाला झालेल्या वेदना काय थोड्या वेळच्या होत्या, एकटा टाकला गेला त्याचं दुःख मोठं. अख्ख्या सिनेमात धर्माचा अभ्यास केला असेल तर त्या माणसाने. ८१ मिनिटांत त्याला चारपाच मिनिटं.

तर सर, तुम्ही वीस मिनिटं बोललात. बर्गमनचं बालपण, निक्विस्टचा उजेड, देवाचं मौन, आधीचा सिनेमा, नंतरचा सिनेमा. छान बोलता तुम्ही, खरंच. पण मागच्या रांगेतल्या त्या कॉलेजच्या मुलाने विचारलं की मला बोअर झालं, माझं काही चुकतंय का, तेव्हा तुम्ही हसून म्हणालात, "हे सगळ्यांसाठी नसतं." तो पोरगा उठून गेला, तुम्ही बघितलंत की नाही माहीत नाही. मला तेव्हा टोमासच दिसला हो तुमच्या जागी. समोरचा काहीतरी घेऊन आलाय आणि आपण आपलंच ओततोय! सिनेमा समजला असता तर ते निदान तुम्हाला तरी दिसायला हवं होतं.

सत्यजित राय, चिदानंद दासगुप्ता यांनी १९४७ ला कलकत्त्यात फिल्म सोसायटी काढली तेव्हापासून आपल्या देशात हे सगळं चाललंय, चांगले सिनेमे चार लोकांनी एकत्र बसून बघायचे आणि मग त्यावर बोलायचं. बोलायचं हेही त्यातच येतं. मी वर्गणी भरते ती त्या अर्ध्या तासासाठी, सिनेमा तर आता पोरं फोनवरही लावून देतात.

वर्गणी मी यंदाही भरणार आहे, घाबरू नका. फक्त मेसेजमध्ये "हृदयस्पर्शी" लिहायच्या आधी सिनेमा बघत जा. आणि कुणाला फोन करून "तुमच्याच लोकांचा" म्हणू नका, पुढच्या महिन्यात जपानी सिनेमा आहे, तेव्हा कुणाला फोन करणार आहात?

आणि माझा राहिलेला प्रश्न. योनासची बायको. पाळक तिच्या घरी सांगायला जातो की तुझा नवरा गेला. बायबल वाचू का विचारतो, ती नको म्हणते. हा निघतो आणि कॅमेराही याच्याच मागे निघतो. तीन पोरं, चौथं पोटात, बाहेर बर्फ, मासे कोण धरणार आता. मला विचारायचं होतं की तुमच्यापैकी कुणाला तिथेच थांबावंसं वाटलं का. पुढचं चर्च नसतं बघितलं तरी चाललं असतं, तीनची उपासना होवो न होवो. माझ्या शेजारची बाई म्हणाली मलाही वाटलं. आम्ही दोघी मग दादरला प्लॅटफॉर्मवर गाडीची वाट बघत त्या बाईचंच बोलत बसलो, दोन विरार सोडल्या.

आपली,
तिसऱ्या रांगेतली शालवाली